२४०झेडला पाच गिअरचा बॉक्स बसवला, पण क्लच सुटेना

गाडी : डॅटसन २४०झेड, १९७२. इंजिन मूळचंच, एल२४. मूळ गिअरबॉक्स चार गिअरचा. आता बसवलेला पाच गिअरचा, १९८३ च्या २८०झेडएक्स 'टू प्लस टू'मधून काढलेला.

तक्रार : इंजिन चालू असताना उभ्या गाडीत पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही. रिव्हर्स टाकताना खर्रर्र. क्लचच्या तेलात शिरलेली हवा काढली की आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच.

ही तक्रार चार महिने माझ्या मानगुटीवर बसली होती. या काळात गिअरबॉक्स तीनदा खाली उतरवला, दोन स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारे) बदलले, एक मास्टर सिलिंडर (पेडलने तो दाब तयार करणारा) बदलला आणि घरात 'तुमची ती गाडी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. दोष निघाला मुठीत मावेल अशा एका लोखंडी कॉलरमध्ये. जुन्या झेडला नंतरचा बॉक्स बसवणारे पुष्कळ जण याच कॉलरला ठेच लागून पडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. घाई असेल त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो : रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) कॉलर प्रेशर प्लेटबरोबर (क्लच प्लेट दाबून धरते तिच्याबरोबर) जाते, गिअरबॉक्सबरोबर नाही. बॉक्स कुठल्याही झेडचा असो, तुमच्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाच्या जड चाकावर) जी प्लेट आहे तिच्या जोडीची कॉलर लागते.

हा उपद्व्याप करायचाच कशाला

अमेरिकेत विकलेल्या २४०झेडना चारच गिअर असत. जपानमधल्या काही फेअरलेडी झेडना (तिथे या गाडीचं हेच नाव) पाच मिळाले, पण इथल्या गिऱ्हाइकाला पाचवा गिअर मिळायला १९७७ ची २८०झेड उजाडावी लागली. चौथा गिअर म्हणजे सरळ एकास एक : इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागे ३.३६४ चा डिफरन्शियल (चाकं फिरवणारा मागचा गिअर) आणि १९५/७०-१४ चे टायर असले, तर ताशी ७५ मैलांना इंजिन ३,४०० च्या वर फिरतं. मी सॅन होजेला राहतो. १०१ नंबरच्या हायवेवर तासभर त्या आवाजात बसलं की उतरल्यावरही कानात मोटार चालू राहते. झेडएक्सच्या शेवटच्या वर्षांतल्या बॉक्सचा पाचवा गिअर ०.७४५ चा. त्याच वेगाला इंजिन २,५५० वर येतं. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं.

बॉक्स बसतोही सहज. बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सच्या इंजिनला जुळणाऱ्या पुढच्या भागाची) भोकं एल मालिकेच्या सगळ्या इंजिनांना जुळतात, क्लच प्लेटचे दाते जुळतात, १९७२ नंतरच्या गाड्यांत तर फारशी कापाकापीही लागत नाही. १९७०-७१ च्या गाड्यांत आधीचा 'ए' प्रकारचा बॉक्स असतो. त्यांच्या मालकांनी मागचा माउंट आणि फोर्क-कॉलर या दोन्ही गोष्टी आधी नीट बघून घ्याव्यात. बाकी काम म्हणजे दोन दिवसांचा घाम. निदान मला तसं वाटलं होतं.

मी काय चुकलो

भंगारवाल्या यार्डातून बॉक्स आणला, तेव्हा त्यात फोर्क, कॉलर आणि रिलीज बेअरिंग आतच होतं. मला आनंद झाला. फुकटचं सामान! बेअरिंग नवं दाबून बसवलं, कॉलर रॉकेलमध्ये धुऊन चकचकीत केली आणि तीच वापरली. माझी स्वतःची जुनी कॉलर चार गिअरच्या बॉक्सबरोबर गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिली.

क्लचचा संच मात्र मी माझ्या गाडीचा घेतला होता, २२५ मिलिमीटरचा. इथेच माशी शिंकली. 'टू प्लस टू' म्हणजे मागे दोन जादा सीट असलेली जड गाडी. तिला २४० मिलिमीटरचा क्लच असतो. त्याच्या प्रेशर प्लेटची बोटं (बेअरिंग दाबतं त्या पट्ट्या) फ्लायव्हीलपासून जास्त उंच येतात, म्हणून तिची कॉलर आखूड असते. २२५ च्या प्लेटची बोटं खाली बसतात, म्हणून तिला लांब कॉलर हवी. मी लावली बसक्या प्लेटला आखूड कॉलर. दोन्हीकडून कमी.

आता याचा परिणाम काय होतो ते बघा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं निदान आपोआप सुचतं. फोर्क ही एक तरफ आहे. मधे गोळीवर टेकलेली, एका टोकाला स्लेव्ह सिलिंडरची दांडी, दुसऱ्या टोकाला कॉलर. दांडी बाहेरचं टोक मागे ढकलते, आतलं टोक पुढे इंजिनकडे जातं आणि बेअरिंग बोटांना दाबतं. कॉलर आखूड असली तर बेअरिंग बोटांपर्यंत पोचायलाच फोर्कला बराच प्रवास करावा लागतो. नंतरच्या प्रकारचा स्लेव्ह सिलिंडर स्वतःच खेळ भरून काढतो. म्हणजे तुम्हाला पायाला काहीच कळत नाही, पण आतला पिस्टन विश्रांतीच्या वेळीही सिलिंडरच्या तोंडाशी येऊन उभा असतो. पेडल दाबलं की आणखी बाहेर. तिथे वर्षानुवर्षांचा ओलावा, धूळ, गंज. नव्या रबरी सीलला तिथे चरे पडतात, थेंबभर तेल बाहेर, तेवढीच हवा आत.

माझी तक्रार पुन्हापुन्हा का उगवत होती त्याचं कारण हेच. हवा काढली की पूर्ण दाब मिळायचा आणि क्लच जेमतेम सुटायचा. आठ-दहा दिवसांत थोडी हवा शिरली की तो जेमतेमपणाही जायचा. मी मात्र दर वेळी सिलिंडरलाच दोष देत होतो. सिलिंडर बिचारा मार खात होता.

कॉलर उलट चुकली, म्हणजे २४० मिलिमीटरच्या उंच प्लेटला लांब कॉलर लागली, तर चित्र बरोबर पालटतं. फोर्कचं बाहेरचं टोक पुढे ढकललं जातं, पिस्टन सिलिंडरच्या तळाला टेकतो आणि बेअरिंग बोटांवर कायमचं दाबून राहतं. मग क्लच स्लिप मारतो, बेअरिंग पाय न लावताही कुंई करत राहतं आणि लवकर मरतं. गिअर मात्र लोण्यासारखे पडतात, त्यामुळे माणूस खूष असतो. काही दिवस.

गाडी न उघडता काय कळू शकतं

बॉक्स उतरवायच्या आधी एक संध्याकाळ या चाचण्यांना द्या.

पहिली चाचणी घड्याळाची. इंजिन गरम, आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहा अंक मोजा. मग रिव्हर्स टाका. या बॉक्सच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून घेणारी कडी) नसतो, त्यामुळे तो खरं बोलतो. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर थोडं खर्र होणारच, कारण आतला शाफ्ट अजून गरगरत असतो. पण दहा सेकंदांनंतरही खर्र होत असेल, तर काहीतरी त्या शाफ्टला फिरवत ठेवतं आहे.

दुसरी, पेडल मारायची. तीन-चार वेळा भराभर पेडल दाबून लगेच गिअर टाका. पडला? मग तेलात हवा आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. काहीच फरक नाही पडला, तर दोष मापाचा आहे. माझ्यासारखं दोन्ही असू शकतं, आणि तिथेच माणूस फसतो. पेडल मारून गिअर पडतो म्हणून मी खूष होऊन दर वेळी हवा काढत बसलो.

तिसरी चाचणी सगळ्यात मोलाची. हात काळे करण्यापलीकडे तिला खर्च नाही. गाडी चार स्टँडवर नीट ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो. बेल हाउसिंगच्या बाजूला फोर्क जिथून बाहेर येतो, तिथला रबरी बूट ओढून काढा आणि टॉर्च मारा. पेडल मोकळं असताना फोर्क खिडकीत कुठे आहे? पुढच्या कडेजवळ असेल आणि मागे जायला भरपूर जागा असेल, तर ठीक. मधोमध किंवा मागे झुकलेला असेल, तर कॉलर आखूड असल्याचा दाट संशय. मग कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. माझ्या गाडीत फोर्क दाबल्यावर खिडकीच्या मागच्या कडेला जवळजवळ टेकत होता. हे मी पहिल्या दिवशी बघितलं असतं तर एक सिलिंडर, एक शनिवार आणि बरीच शांतता वाचली असती.

दांडी किती हलते तेही तेव्हाच मोजा. मार्करची खूण करा आणि पट्टी धरा. अर्ध्या इंचाहून बरीच कमी हलत असेल तर आधी तेलाकडे बघा : मास्टर सिलिंडर मागून गळतो का (गालिचाखाली ओलं लागेल), रबरी होज जुनी होऊन दाबाखाली फुगते का, पेडलच्या पिनचं भोक झिजून लंबगोल झालंय का. पन्नास वर्षांच्या गाडीत ही पिन हमखास झिजलेली असते आणि पेडलचा चांगला प्रवास तिथेच गिळला जातो. मास्टरच्या दांडीला वर किंचित खेळही हवा. तो शून्य असला तर तेल टाकीत परतत नाही आणि क्लच हळूहळू आपणच दाबला जातो.

दांडी भरपूर हलते आहे आणि तरी क्लच सुटत नाही, असं असेल तर मात्र मापाचं प्रकरण समजा.

चौथी चाचणी पायलट बुशसाठी. फ्लायव्हीलच्या मधोमध, क्रँकच्या टोकात पितळी बुश असतं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात फिरतं. बुश कोरडं किंवा वाकडं ठोकलेलं असलं तर क्लच पूर्ण सुटूनही ते नाकाला धरून शाफ्ट फिरवत ठेवतं. लक्षण अगदी क्लच न सुटल्यासारखंच. ओळखायचं असं : गाडी स्टँडवर, इंजिन बंद, गिअरमध्ये, कुणीतरी क्लच दाबून धरलेला. आता प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. चाक नको, कारण डिफरन्शियलमुळे पलीकडच्या बाजूचं चाक उलटं फिरून तुम्हाला चकवेल. शाफ्ट मोकळा फिरला, किंवा हलकासा जड जाणवला, तर क्लच सुटतो आहे आणि संशय बुशवर. इंजिन ओढल्यासारखा घट्ट वाटला तर क्लच सुटतच नाही.

आणि एकच गिअर कुरकुरत असेल, समजा फक्त तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना, तर या लेखाचा तुम्हाला उपयोग नाही. तो सिंक्रोचा आजार आहे. क्लचचा दोष उभ्या गाडीत, पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये दिसतो.

मधले चुकीचे उपाय

लाज बाजूला ठेवून लिहितो.

दुसऱ्यांदा त्रास सुरू झाला तेव्हा एका ओळखीच्या झेडवाल्याने सल्ला दिला की स्लेव्हची दांडी लांब कर. मी दांडी कापली, मधे तुकडा घातला आणि वेल्डिंग केलं. आणि खरंच, महिनाभर गाडी छान चालली! असं का होतं ते नंतर कळलं. दांडी लांब केली की पिस्टन सिलिंडरमध्ये परत आत जातो, चांगल्या भागात. सील वाचतं. पण फोर्कचा तिरपेपणा तसाच राहतो. तो आधीच मागे झुकलेला, पेडल दाबल्यावर खिडकीच्या कडेला जाऊन आपटतो आणि तिथून पुढे तुम्ही ढकलत असता ते कास्टिंगला. शिवाय फोर्क गोळीवर तिरपा टेकला की कॉलर आपल्या नळीवर सरळ सरकत नाही, एका बाजूला घासते. माझ्या बॉक्सच्या पुढच्या कव्हरच्या नळीवर त्या महिन्याचा चरा अजून आहे.

काही जण फोर्कच्या गोळीखाली वॉशर घालतात. त्याने फोर्क पुढे सरकतो, पण कोन बदलतो आणि गोळीच्या आट्यांची पकड कमी होते. माझं मत स्पष्ट आहे : जिथे पूर्ण कॉलर मिळते तिथे वॉशर घालणं म्हणजे पायात मोठा जोडा आणि आत कागद कोंबणं.

शेवटी काकांना फोन केला. माझं अर्धं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या लेथशेजारी गेलं. काका २४०झेडचं नावही पहिल्यांदाच ऐकत होते. मी पंधरा मिनिटं सगळी हकिगत सांगितली : हवा, सिलिंडर, वेल्डिंग, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, गोष्ट सांगू नकोस, आकडा सांग. फ्लायव्हीलपासून बेअरिंगच्या टोकापर्यंत किती भरतंय?"

मी कधी मोजलंच नव्हतं.

मोजायचं कसं

झेडवाल्यांमध्ये एक आकडा वर्षानुवर्षं चालत आला आहे : सुमारे ९२ मिलिमीटर. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर पूर्ण आवळलेली असताना, नव्या बेअरिंगसकट कॉलर बोटांवर सरळ ठेवायची. मग फ्लायव्हीलच्या सपाट पृष्ठभागापासून कॉलरच्या त्या पंखांपर्यंत मोजायचं, जिथे फोर्क मागून टेकतो. लक्षात घ्या, बेअरिंगच्या तोंडापर्यंत नाही आणि कॉलरच्या शेवटापर्यंतही नाही. फोर्क जिथे टेकतो तिथपर्यंत. चुकीच्या जागेपासून मोजून 'माझं तर बरोबर आहे' म्हणणारे मी पाहिले आहेत.

माझी पद्धत अशी. कॉलरच्या दोन्ही पंखांवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवली. प्रेशर प्लेटच्या बाहेर फ्लायव्हीलची जी कड उघडी राहते, तिथे डेप्थ व्हर्निअर टेकवला आणि पट्टीपर्यंत माप घेतलं. एकाच जागी घेऊ नका. समोरासमोर दोन ठिकाणी घ्या आणि सरासरी काढा, कारण हाताने धरलेली कॉलर किंचित कलते. यार्डातून आलेल्या कॉलरने ९२ ला चांगली आठ मिलिमीटरची खोट दाखवली. मग कोपऱ्यातल्या जुन्या बॉक्समधली माझी स्वतःची कॉलर पुसून तिच्यावर नवं बेअरिंग बसवलं आणि ठेवली. ९२ ला अर्धा मिलिमीटर कमी. चार महिने ती कॉलर माझ्यापासून सहा फुटांवर होती.

काकांना आकडा कळवला तेव्हा त्यांचं उत्तर एवढंच होतं : "मग?"

अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. स्लेव्ह ते सांभाळून घेतो. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मात्र सांभाळला जात नाही. आणि फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं असेल तर एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा : या मापात तो फरक दिसत नाही, कारण आपण फ्लायव्हीलपासूनच मोजतो, पण जितकं घासलं तितकी सगळी चळत इंजिनकडे सरकलेली असते. एरवी काटावर असलेलं माप अशा वेळी काटाखाली जातं.

परत बसवताना

बॉक्स पस्तीसेक किलोचा आहे. एकट्याने छातीवर घेऊन चढवायचे दिवस गेले. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आणा, किंवा मित्राला जेवायला बोलवा.

बेअरिंग कॉलरवर दाबताना जोर आतल्या कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर दाबलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी कुंई करतं. कॉलरच्या आतल्या खाचेत, फोर्कच्या टोकांना आणि गोळीला ग्रीस लावा. शाफ्टच्या दात्यांवर मात्र अगदी बोटभर पुसल्यासारखं. तिथे जास्त ग्रीस लावलं की ते उडून क्लच प्लेटवर जातं, मग क्लच धक्के देत सुटतो आणि तुम्ही परत कॉलरवर संशय घेता. क्लच प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' लिहिलेलं असतं, ते वाचा. उलटी बसवली तरी प्लेट आवळली जाते आणि लक्षण हुबेहूब क्लच न सुटण्याचं येतं.

पायलट बुश याच वेळी बदलून टाका. किमतीला किरकोळ आहे आणि परत तिथे हात पोचायला पूर्ण बॉक्स उतरवावा लागतो. नवं बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायची जुनी सवय आहे. मी ठेवतो.

स्लेव्ह सिलिंडर नवा बसवा, जुना चरे पडलेला ठेवू नका. हवा काढायचं बूच वरच्या बाजूला आहे ना ते बघा. वरकरणी सारखे दिसणारे सिलिंडर मिळतात, आणि बूच खाली आलं तर कितीही तेल ओता, हवा वरच बसून राहते. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. माझ्या पुढच्या फेंडरला त्याचा नकाशा आहे.

गिअर ऑइलबद्दल एक इशारा. बॉक्समध्ये साधारण दोन लिटर जातं, आणि ते जीएल-४ प्रतीचं हवं. दुकानात शेल्फवर जीएल-५ जास्त दिसतं आणि आकडा मोठा म्हणून चांगलं वाटतं. ते डिफरन्शियलसाठी ठीक आहे. त्यातली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या पितळी कड्यांना खातात आणि ते तेल निसरडंही जास्त, त्यामुळे सिंक्रो पकडत नाही. ज्या बॉक्समध्ये आधीच्या मालकाने काय ओतलंय माहीत नाही, त्याचं तेल पहिल्याच दिवशी बदला. भरायचं बूच आधी सोडवून बघा, मग निचऱ्याचं. भरायचं बूच अडकलेलं निघालं आणि बॉक्स रिकामा झालेला असला तर गाडी हलवता येत नाही.

दोन गोष्टी ज्या क्लचच्या वाटतात, पण क्लचच्या नाहीत

पहिली : बॉक्स बदलल्यावर सिग्नलला गाडी उचलताना क्लच जळल्यासारखा वास. मी घाबरलो होतो, आता कॉलर लांब झाली की काय! तसं नव्हतं. जुन्या बॉक्सचा पहिला गिअर ३.५९२, झेडएक्सचा ३.०६२. मागे तोच ३.३६४ चा डिफरन्शियल. गुणाकार केला तर आधी १२.०८, आता १०.३०. म्हणजे पहिल्या गिअरचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. जुन्या सवयीने उचलायला गेलं की माणूस क्लच जास्त वेळ अर्धवट धरतो. एक तर पायाची सवय बदला, किंवा ३.९ चा डिफरन्शियल बसवा. त्याने आकडा ११.९४ वर येतो, जवळजवळ पूर्वीसारखा. पाचव्यात ७५ मैलांना मग २,९६० च्या आसपास फिरतं, तरी जुन्या चौथ्यापेक्षा साडेचारशे कमी. मी अजून ३.३६४ वरच आहे. डोंगरात राहणाऱ्याला मात्र मी ३.९ सुचवेन.

दुसरी : चौथ्यातून गिअर आपोआप उडणं. बॉक्स खराब आला असं वाटून माझा जीव खाली-वर झाला होता. झेडएक्सच्या बॉक्सची गिअरची दांडी टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) भोकात पूर्वीच्या जागी येत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला दांडी मागे येते, आणि माझ्याकडे ती भोकाच्या मागच्या कडेला टेकत होती. गिअर पूर्ण आत जायच्या आधीच दांडी अडायची, मग खड्ड्यात गेलं की सुटायचा. बूट आणि कन्सोल काढून, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाका आणि प्रत्येक वेळी दांडीच्या चारी बाजूंना बोट जातं का बघा. माझ्या भोकाची मागची कड कानशीने बोटाच्या पेराएवढी घासली, उघड्या पत्र्याला रंग लावला आणि विषय संपला.

स्पीडोमीटरची तक्रार आली तर जुन्या बॉक्समधली पिनियन (स्पीडोमीटर फिरवणारं छोटं दातेरी चाक) तिच्या बाहीसकट काढून नव्यात घाला. ती डिफरन्शियलच्या हिशेबाने ठरलेली असते, आणि डिफरन्शियल तुमचा जुनाच आहे. नुसती पिनियन बदलून बाही दुसरी ठेवू नका, दाते नीट भिडत नाहीत.

आताची स्थिती

लांब कॉलर बसवून सहा महिने झाले. स्लेव्हच्या बुटात तेलाचा थेंब नाही. दहा अंक मोजून रिव्हर्स टाकला की आवाज येत नाही, पाच मोजून टाकला तरी येत नाही. फोर्क खिडकीच्या पुढच्या भागात बसतो आणि पेडल दाबल्यावर मागे बोटभर जागा उरते. वेल्डिंग केलेली दांडी काढून टाकली, मूळ मापाची परत लावली.

आखूड कॉलर फेकलेली नाही. तिच्यावर पांढऱ्या मार्करने '२४० मिलिमीटरची प्लेट' असं लिहून खिळ्याला अडकवून ठेवली आहे. तुम्हीही यार्डातून बॉक्स आणाल तेव्हा आतून निघालेल्या कॉलरवर ती कुठल्या गाडीतून आली ते त्याच दिवशी लिहून टाका, कारण धुऊन पुसून शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.